चादरीचं दुसरं टोक

“तुम्ही कधी माझ्या दादाला मारलंय का हो?”

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणीच्या, पेन्सिलच्या डोक्यातून निघाला, डबल बॅटरी या दुसऱ्या मैत्रिणीने त्याला धार लावली आणि मग दोघींनी कोपराने ढोसून ढोसून तिला पुढे ढकललं. “विचारून दाखव. नाही विचारलंस तर आजपासून तुझं भोंगा हे नाव काढून घेणार.”

आता नाव काढून घ्यायचं म्हणजे काय गंमत आहे? केवढ्या मुश्किलीने मिळालं होतं ते! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिच्या घशात काटा अडकायचा. मग शाळेच्या नाटकाच्या आदल्या दिवशी फौजदार झालेल्या मुलीला गोवर आला आणि समोर दिसली म्हणून बाईंनी हिच्याच डोक्यावर फौजदाराची टोपी ठेवली. पडदा वर गेला आणि “कोण आहे रे तिकडे!” हे पहिलंच वाक्य हिने असं काही ठणकावलं, की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारे शिपाईकाका ताडकन उठून उभे राहिले. तेव्हापासून ती भोंगा. नवीन सायकल मिळालेलं पोर जसं कामाशिवाय गल्लीत चकरा मारतं, तशी ती दिसेल तिथे आपला नवा आवाज वापरून घेत होती.

त्यामुळे विचारलं तिने.

ज्याला विचारलं तो पोरगा ताडमाड. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. सगळं धुलाईघर त्याला लंबू म्हणायचं. धुतलेल्या चादरींची ट्रॉली ढकलत चालला होता, तो जागच्या जागी थांबला. मागे इस्त्रीचा रोलर घरघरत होता, ड्रायरचा गरम वारा अंगावर येत होता, आणि पेन्सिल केव्हाच डबल बॅटरीच्या मागे लपली होती.

“मारलंय ना,” लंबू म्हणाला. “एकदाच. विटेने.”

“एकदाच काय?” पलीकडून दादा ओरडला. “एकदाच लागली म्हण. फेकल्या होत्यास चार.”

“तुझं डोकं लहान आहे, नेम बसत नव्हता.”

“भोंग्या, त्याचा हात कुणी मोडला ते विचार त्याला.”

“तुमच्या दादाने,” लंबू तिला म्हणाला, अगदी अदबीने, तिने ‘अहो’ केलं म्हणून. “सायकलच्या साखळीने. अजून पाऊस यायचा असला की मला आधी कळतं, हवामान खात्याला नंतर.”

आणि दोघं असे काही खिदळले, की तिला वाटलं, ही वीट आणि ही साखळी म्हणजे कुठल्या सहलीतल्या गमतीजमती आहेत. मग तिने दादाच्या डोक्यावरच्या त्या जागेकडे पाहिलं, जिथे केस उगवतच नव्हते, आणि तिला जरा कसंतरीच झालं. पण नाव शाबूत राहिलं.

हे धुलाईघर म्हणजे साधंसुधं नव्हतंच. मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी तिथे यायच्या, काही हॉटेलांच्याही यायच्या. पण कामाला होती ती सगळी टोळ्यांतून बाहेर पडलेली, किंवा पडू बघणारी पोरं. महिन्यातून एका शनिवारी घरच्यांना आत येऊन बघायची मुभा होती. आई “मला नाही जमणार” म्हणाली, बाबांची ड्युटी होती, म्हणून ही मैत्रिणींची पलटण घेऊन आली होती.

सगळं चालवायच्या त्या काकू. आधी त्या हॉस्पिटलात सिस्टर होत्या. मारामारीत जखमी होऊन आलेली पोरं टाके घालून पाठवायची, आणि तीच पोरं नवीन जखम घेऊन परत यायची, ह्याला त्या एक दिवस जाम वैतागल्या. तेव्हापासून त्यांची एकच पद्धत. असं पोरगं वॉर्डात आलं की त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचं. “टाके ओले आहेत तोवरच ऐकतात,” त्या म्हणायच्या. “सुकले की पुन्हा शूर होतात मेले.”

दादा असाच सापडला त्यांना. शाळा अर्धवट टाकून तो पुलाखालच्या टोळीत गेला होता. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. अख्खा दिवस कुठे कुठे अडकलेली माणसं सोडवत फिरायचे, पण घरातलं अडकलेलं माणूस काही त्यांना सोडवता येईना. आई गणवेश शिवायची, आणि दादा रात्री घरी नसला की मशीन चालूच ठेवायची, नुसतं, कापड न घालता. मग गोदामाच्या टोळीतल्या पोरांशी ती मोठी मारामारी झाली, वीट बसली, आणि शुद्धीवर येऊन दादा बघतो तर स्टुलावर एक जाडजूड बाई स्वेटर विणत बसलेल्या. त्याच जिन्याच्या वरच्या मजल्यावर, मोडलेला हात गळ्यात अडकवून लंबू पडला होता. काकू दोन्ही मजले चढत-उतरत राहिल्या.

आणि चादरी! चादरींची गोष्ट तर सांगायलाच हवी. कुणा दानशूर गृहस्थाने घडी घालायचं मशीन देऊ केलं होतं. काकूंनी हात जोडून परत पाठवलं. हॉस्पिटलची चादर लांबरुंद असते, एकट्याला ती नीट घडीच घालता येत नाही. दोघं लागतात. दोघांनी दोन दोन टोकं धरायची, मग एकाने म्हणायचं “ताण”, की ताणायची. “झटक” म्हटलं की झटकायची. आणि मग “ये” म्हटलं की समोरच्याने चालत यायचं आणि आपली टोकं याच्या हातात द्यायची. हाताला हात लागल्याशिवाय घडी पुरी होतच नाही. काकू जोड्या लावायच्या त्या बघून-सवरून: एक पुलाखालचा, एक गोदामाचा. सुरुवातीला म्हणे दादा आणि लंबू हात लागू नये म्हणून टोकं टेबलावर ठेवायचे आणि दुसऱ्याने ती उचलायची. काकू येऊन अख्खी चादर उलगडून टाकायच्या. “पुन्हा.” असं किती दिवस चाललं कोण जाणे. पण एक दिवस वाफेने सगळे घामाघूम झाले असताना लंबूने दादाला विचारलं, “डोकं दुखतं का रे अजून?” आणि दादा म्हणाला, “तुझा हात?” एवढंच. मग टेबलाची गरज संपली.

दादाने ते वेड घरी आणलं. घरातली एकही चादर त्याने चुरगळलेली राहू दिली नाही. आणि समोर कोण? तर भोंगा! “ताण ना! झोपलीस का?” “अरे, ताणतेय की!” “ही ताणली? ही चादर आहे का पोळलेलं मांजर?” ती खवळून असा हिसका द्यायची की टोकं त्याच्या हातातून सुटायची, आणि आई मशीनवरून न वळता म्हणायची, “फाडा. फाडा एकदाची.” पण तिच्या आवाजात तेव्हा हसू असायचं. कितीतरी वर्षांनी आलेलं हसू, त्यामुळे कुणी त्याच्याकडे मुद्दाम बघायचं नाही, उडून जाईल म्हणून.

एक गोष्ट मात्र होती. पुलाखालच्यांनी दादाला सोडलं होतं ते एका अटीवर. त्यांचा म्होरक्या, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, तो स्वतः येऊन म्हणाला होता, “पोटासाठी जातोयस, जा. कुणाच्याही चादरी धू. पण गोदामवाल्यांशी हात मिळवलेला दिसलास, तर आमचा तू कुणी नाहीस.” गोदामाच्यांनी लंबूला वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं होतं. म्हणून काकूंचा नियम होता: दाराबाहेर ओळख नाही. आत काय ते आत. रस्त्यात समोरासमोर आलात तर भिंत आली असं समजून वळायचं. दादा आणि लंबू तसंच वळायचे. इतकं छान वळायचे, की भोंगाला हसू यायचं.

आणि तो दिवस आला तो अगदी साधासुधा, संध्याकाळच्या बाजाराचा.

भोंगाच्या बुटाचा तळ निघाला होता. दादा तिला घेऊन चांभाराकडे आला होता. ती एका पायावर उभी राहून अखंड बडबडत होती. वर्गात कोण काय म्हणालं, त्यावर आपण काय सुनावलं. चौकात पलीकडे, पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर पुलाखालची पोरं बसली होती. ती तिथे रोजच बसायची. लंबू भाजीच्या रांगेत, पिशवी घेऊन, आईसाठी कांदे बघत होता. दादाने त्याला पाहिलं, भिंत आली असं समजून तोंड फिरवलं. लंबूनेही फिरवलं. सगळं नियमाप्रमाणे.

तेवढ्यात वावटळ आली. धूळ, कागद, कुणाची टोपी, आणि भाजीवाल्या मावशीची भलीमोठी ताडपत्री दोर तोडून वर उठली. मावशी ओरडली. ताडपत्री फडफडत गेली, तिचं एक टोक लंबूच्या तोंडावर आपटलं, ते त्याने धरलं. दुसरं टोक दादाच्या समोर. त्याने धरलं. कुणीही धरलं असतं.

पण पुढचं कुणीही केलं नसतं.

“ताण,” दादा म्हणाला. लंबूने ताणली. “झटक.” दोघांनी एकदम झटकली, धुळीचा लोट उडाला. टोकाला टोक, काठाला काठ, काय सुरेख मिटली ती! “ये.” आणि लंबू चालत आला आणि टोकं दादाच्या हातात दिली, आणि वाकून खालची घडी उचलली, बघता बघता त्या अजस्र ताडपत्रीचा एक नीटस चौकोन झाला. साऱ्या बाजाराने पाहिलं. मावशी म्हणाली, “अगं बाई, कुठे शिकलात रे पोरांनो?” भोंगा तर एका पायावर उड्या मारत टाळ्या वाजवत होती. टाळ्या वाजवणारी ती एकटी नव्हती. पंक्चरवाल्याच्या बाकड्यावरूनही टाळ्या येत होत्या, सावकाश, थांबून थांबून. एकाने मोबाइल समोर धरला होता.

दादा आणि लंबू अजून तसेच उभे होते, घडीच्या वर हातावर हात. मग दादाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. भोंगाने आजवर माणसाचा चेहरा असा विझताना पाहिला नव्हता. लंबूने कांद्याची पिशवी तिथेच टाकली आणि तो वळून चालू लागला. पळाला नाही. पळाला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर का कोण जाणे वाटत राहिलं.

“चल,” दादा म्हणाला.

“अरे, बूट...”

“चल म्हटलं ना.”

एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशी ती त्याच्यामागे धावली. घराच्या जिन्यात तो थांबला. तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो हात अवघडला तसा तिची वेणी ओढली. “आईला सांगू नकोस.”

“काय सांगू नको? तू ताडपत्रीची घडी घातलीस हे?”

“हो,” दादा म्हणाला. “तेच.”

त्याच आठवड्यात, भरदुपारी, कामावरून परतताना बसच्या थांब्यावर पुलाखालच्यांनी त्याला गाठलं. भोंगा तेव्हा भूगोलाच्या तासाला होती. शिपाईकाका दारात आले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, बाईंकडे पाहिलं. त्यावरूनच तिला कळलं.

हॉस्पिटलात लांबलचक व्हरांडा होता. आई भिंतीला टेकून खाली बसली होती, बाबा कुणाशी तरी फॉर्मवरच्या सहीबद्दल बोलत होते, अगदी शांतपणे, लिफ्ट बंद पडल्यावर लोकांशी बोलतात तसे. तिला कुणी आत जाऊ नको म्हटलं नाही, म्हणून ती गेली. दादावर चादर होती, चेहऱ्यावरसुद्धा. पांढरी, नुकतीच उलगडलेली, घड्यांच्या रेघा अजून तशाच. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची फुली. ती फुली तिला माहीत होती. धुलाईघरातून हॉस्पिटलला जाणाऱ्या चादरीवर ती असायची. रेघा काठाला काठ लावून, कुठे एक बोटभर फरक नाही. असली घडी कुणाची ते तिला विचारायला नको होतं. त्यातली दोन टोकं त्याच्याच हातात होती कधीतरी. तिने चादर चेहऱ्यावरून काढली नाही. नुसती ती फुली मुठीत धरून उभी राहिली, आणि तोंड उघडलं, तर आवाज आला नाही. एवढासुद्धा.

मग सगळं उरकलं. माणसं आली, गेली. पेन्सिल आणि डबल बॅटरी रोज संध्याकाळी येऊन तिच्या दोन्ही बाजूंना बसायच्या आणि अंधार पडला की जायच्या. आईचं मशीन चालूच असायचं, कापडाशिवाय.

अशा एका संध्याकाळी लंबू आला. दारात मान वाकवून उभा राहिला. बाबांनी दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि बाजूला झाले. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही.

“काका, माझ्यामुळे नाही झालं,” तो म्हणाला. “म्हणजे, झालं माझ्यामुळेच. पण मी कुणाला काही बोललो नव्हतो.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले.

“मी बघून घेतो. शनिवारी धुलाईघर सोडतोय. आमची पोरं आहेत ना गोदामाची, ती परत घेतायत मला. कुणी केलं ते माहितीय. त्या शेठचा धाकटा भाऊ होता.” तो जमिनीकडे बघत बोलत होता. “तुम्ही काही विचारू नका. फक्त तुम्हाला कळवावं म्हणून आलो.”

भोंगा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता बाबा म्हणतील, असलं काही करू नकोस बाळा. म्हणतीलच. बाबा लोकांना अडकू देत नाहीत.

बाबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “चहा घेतोस?”

मशीन थांबलं. आई वळलीसुद्धा नाही. “त्याच्याही आईला कळू दे,” ती म्हणाली. “कळू दे कसं असतं.”

लंबूने मान डोलावली, ती चहाला नाही, आईच्या बोलण्याला. चहा न घेता तो गेला. भोंगाला ओरडायचं होतं. फौजदाराच्या टोपीत ओरडली होती तसं, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. घशात तोच जुना काटा आडवा आला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सरळ धुलाईघरात गेली. काकू दारातच होत्या. तिला बघून त्यांनी पटकन चष्मा काढून पुसला, जणू चष्म्यालाच रडू आलं होतं.

“आत जाऊ?”

काकू बाजूला झाल्या.

लंबू खिडकीपाशी होता. भिंतीत त्याने दोन खिळे ठोकले होते. चादरीची दोन टोकं त्या खिळ्यांवर अडकवायची, उरलेली दोन स्वतः धरायची, ताणायची, मग स्वतःच चालत जायचं, खिळ्यावरून टोकं काढायची. घडी वाकडी होत होती. तो ती तशीच ढिगावर टाकत होता.

“नवा जोडीदार देते म्हटलं तर नको म्हणतो,” काकू हळूच म्हणाल्या. “पोरगं एकट्याने घडी घालायला लागलं ना, की मी समजते, हे चाललं परत टोळीत. आजवर चुकले नाही मी यात. चुकायला फार आवडेल मला.”

भोंगा पुढे गेली. खिळ्यावरून टोकं काढली आणि चादर धरून उभी राहिली. लंबूने वर पाहिलं.

“सोड ते.”

तिने सोडलं नाही.

“तू घरी जा. तुझ्या बाबांना सांगितलंय मी सगळं.”

तिने नुसती मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि रडायला ती आलीच नव्हती. तिने चादर ताणली. म्हणजे ताणायचा प्रयत्न केला. तिचे हात तोकडे पडले, मधोमध मोठा झोळ पडला. लंबू झोळाकडे बघत राहिला. रोलर घरघरत होता. बाकीची पोरं आपापल्या चादरी धरून थांबली होती.

“ताण ना,” शेवटी लंबू म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. “झोपलीस का?”

हे शब्द त्याला कुठून मिळाले ते तिला कळलं, आणि घशातला काटा निघाला. “ताणतेय की!” ती ओरडली. इतक्या जोरात, की रोलरवरचा पोरगा दचकला. “ही ताणलीच आहे! तूच धरलेली नाहीस नीट!”

त्याने नीट धरली. दोघांनी झटकली. टोकाला टोक. आणि मग कुणीतरी “ये” म्हणायला हवं होतं, आणि कुणालाच ते म्हणवेना. मधे नुसती चादर, लांब, पांढरी, कोपऱ्यात निळी फुली.

“ये,” भोंगा म्हणाली.

तो आला. टोकं तिच्या हातात देताना त्याचा हात तिच्या हाताला लागला. खरखरीत, गरम, मनगटाशी हाड थोडं वाकडं सांधलेलं. तो तसाच खाली बसला, घडी उचलायला म्हणून, आणि उठलाच नाही. चादरीत तोंड घालून एवढा उंच पोरगा लहान मुलासारखा रडत होता. भोंगा उभी. तिला कळेना काय करायचं, म्हणून तिने टोकं सोडली नाहीत, एवढंच.

खूप वेळाने त्याने नाक पुसलं. “ही परत धुवायला लागणार आता.”

“लागेल,” ती म्हणाली.

“उद्या येशील?”

तिला वाटलं, सहजच विचारतोय. मग त्याच्या डोळ्यांकडे बघून कळलं, की तो फक्त उद्याचंच विचारू शकतो. त्यापुढचं त्याच्याकडे काही नव्हतंच.

“आलीस तर उद्याचा दिवस थांबतो,” लंबू म्हणाला. “पुढचं मला माहीत नाही. खोटं नाही बोलत.”

काकूंनी तिला दारापर्यंत सोडलं. “हे तुझ्या खांद्यावरचं ओझं नाही, बाळ,” त्या म्हणाल्या. “तू लहान आहेस, तुझंच माणूस गेलंय. आणि आईबाबांपैकी कुणी स्वतः येऊन मला हो म्हटल्याशिवाय मी तुला आत घेणार नाही. आज घेतलं, ते आजच.”

घरी आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसून लिफ्टचा कुठलासा सुटा भाग रुमालाने पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. आई मशीनवर. दादाच्या पलंगावरची चादर त्या दिवसापासून तशीच होती, चुरगळलेली, त्याने सकाळी उठून ढकलली तशी. त्याला त्या दिवशी कामावर जायची घाई झाली होती.

तिने दप्तर खाली ठेवलं.

“मला काहीतरी सांगायचंय.”

“जेवून घे आधी,” आई म्हणाली.

“नाही. मशीन बंद कर, आई.”

आईने वळून पाहिलं. घरात असा आवाज कितीतरी दिवसांनी आला होता. मशीन थांबलं.

“उद्यापासून शाळा सुटली की मी धुलाईघरात जाणार. दादाच्या जागी. म्हणजे त्याच्या जागी नाही, ती कुणाला घेता येणार आहे? पण लंबूच्या समोर चादरीचं दुसरं टोक मी धरणार. उद्या धरणार, मग परवा धरणार, मग त्याच्यापुढचं बघू. मी गेले तर तो थांबतो म्हणालाय.” तिचा आवाज कापत होता पण तुटत नव्हता. “तुम्हाला दोघांना वाटतं त्याने जावं. मला ऐकू आलं त्या दिवशी. मलाही वाटतं, बाबा. रोज वाटतं, त्या शेठच्या भावाचं नाव घेऊन घेऊन वाटतं. पण दादाने त्याला डोक्यातली वीट माफ केली ती काय परत विटा उचलायला? मी नाही जाऊ देणार त्याला. आणि काकू म्हणाल्यात, तुमच्यापैकी एकाने येऊन हो म्हणायला हवं. मी परवानगी मागत नाहीये. सांगतेय. उद्या सकाळी शाळेच्या आधी मी दारात बूट घालून उभी असेन, आणि तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याबरोबर येणार आहे.”